चिखलवाटेची पिकअप : पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

पावसाळा दोन महिन्यांवर आला की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आमच्या व्यापारी वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. गाडी डांबरावर चालते, पण माल डांबरावर तयार होत नाही. कोंबड्यांची शेड शेताच्या टोकाला असते, वीटभट्टी नदीकाठी असते, फार्महाऊसचे काम डोंगराच्या कुशीत चालते आणि भाताचा पेंढा खाचरात पडलेला असतो. नेरळ, कळंब, कशेळे, कडाव, खांडस असो किंवा चौक, वावोशी, खोपोलीचा परिसर असो, शेवटचे दोन किलोमीटर बहुतेक ठिकाणी कच्चेच आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात त्या दोन किलोमीटरवरच वाहतूकदाराचा नफा ठरतो. मग कोणी सांगतो की गाडी उंच करून घे, कोणी मोठे टायर सुचवतो, कोणी पुढे लोखंडी गार्ड आणि विंच बसवायला सांगतो. घरातील एकुलती एक पिकअप कर्जावर घेतलेली असते आणि या सर्व गोष्टी एकदम करायला गेले तर खर्च लाखाच्या पुढे जातो. म्हणून हा पैसा कुठे कामाला येतो आणि कुठे वाया जातो, ते या वेळी जरा विस्ताराने मांडत आहोत.

आधी गाडीविषयी थोडेसे. आपल्या भागातील बहुतेक पिकअप महिंद्र बोलेरोच्या घराण्यातील आहेत, काही टाटाच्या आहेत. महिंद्रची परंपरा जीपची. आजच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण ही कंपनी १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी निघाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. स्वातंत्र्याच्या सुमारासच विलिज जीपच्या जुळणीचे काम तिने हाती घेतले. टाटाने १९८८ मध्ये ‘टाटामोबाईल’ ही पिकअप आणली. पुढे २०७ आणि अलीकडची योद्धा ही त्याच वाटेने आली. या सर्व गाड्यांचा सांगाडा सारखाच आहे. खाली शिडीसारखी मजबूत चासी, मागे पाट्यांची कमान, मागच्या चाकांना जोर आणि वर हौदा. दोन्ही कंपन्यांनी चारही चाकांना जोर देणाऱ्या, म्हणजे फोर-बाय-फोर, आवृत्त्याही विकल्या आहेत. पण आपल्याकडे धंद्यात फिरणाऱ्या पिकअप बहुतांशी मागच्या दोन चाकांच्या जोरावरच चालतात, आणि पुढचा विचार मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पिकअप अडकते का, हे समजले की निम्मा खर्च वाचतो. रिकाम्या पिकअपचे बरेचसे वजन पुढे, इंजिनावर असते. जोर मात्र मागच्या चाकांना मिळतो आणि त्यांच्यावर दाब नसतो. म्हणून माल उतरवून परतताना, ओल्या चढावर, रिकामी गाडी जागेवर चाके फिरवत बसते. कर्जत-खांडस वाटेवरचे जुने ड्रायव्हर म्हणतात की भरलेली निघते, रिकामी रुतते. एका मर्यादेपर्यंत ते अगदी बरोबर आहे. मागच्या आसाच्या बरोबर वर, हौद्यात, दोन-अडीचशे किलो वाळूच्या गोण्या बांधून ठेवल्या तर गाडीच्या वागण्यात फरक पडतो. याला खर्च जवळजवळ नाही. गोण्या हौद्याच्या अगदी शेवटच्या फळीपाशी ठेवू नयेत. तसे केले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. गोण्या घट्ट बांधाव्यात, आणि माल भरताना त्यांचे वजन मालाच्या वजनात धरावे किंवा त्या उतरवून ठेवाव्यात.

दुसरे कारण म्हणजे आपली जमीन. भाताच्या खाचरातील माती भिजली की टायरच्या नक्षीत लिंपून बसते, आणि नक्षी भरली की टायर गुळगुळीत झाला असे समजावे. वाडीकडे चढणाऱ्या वाटांवर मुरूम आणि काळ्या कातळाचे गोटे असतात, त्यांवर शेवाळ धरते. या दोन प्रकारांना एकच टायर सारखा लागू पडत नाही.

टायर

पहिला पैसा टायरवरच घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात. डांबरी रस्त्याचा, दोन्हीकडे चालणारा म्हणजे ऑल टेरेन, आणि निव्वळ चिखलाचा म्हणजे मड टेरेन. चिखलाच्या टायरचे गट्टे मोठे आणि अंतरावर असतात, त्यामुळे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. पण डांबरावर तो आवाज करतो, लवकर झिजतो, डिझेल जास्त खातो, आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते. आपला वाहतूकदार दिवसाच्या साठ किलोमीटरपैकी पन्नास-पंचावन्न किलोमीटर डांबरावरच असतो. खोपोलीहून पनवेल किंवा नेरळहून कल्याण या फेऱ्या करणाऱ्याने चिखलाचे टायर घेणे म्हणजे चार दिवसांच्या चिखलासाठी वर्षभराचा तोटा पत्करणे होय. दोन्हीकडे चालणारे टायर घ्यावेत, आणि चारही नवे घेणे जमत नसेल तर आधी मागचे दोन घ्यावेत. मात्र पुढच्या टायरची नक्षी झिजलेली ठेवू नये, कारण उतारावर ब्रेकचा मोठा भार पुढेच येतो.

टायर घेताना बाजूच्या भिंतीवरील अक्षरे वाचायची सवय लावावी. मालवाहू गाडीला मालवाहू टायरच हवा. मोटारीचा त्याच मापाचा टायर स्वस्त मिळतो, पण त्याचा भारांक कमी असतो आणि भरलेल्या गाडीखाली तो तापून फुटतो. माप कंपनीने त्या गाडीला ठरवून दिलेलेच ठेवावे. मोठ्या टायरचा मोह पुष्कळांना होतो, म्हणून त्याचा हिशेब सांगतो. टायरचा व्यास २ इंचांनी वाढला तर मागच्या डिफरेन्शलच्या गोळ्याखालची उंची फक्त १ इंच वाढते. त्या एका इंचासाठी गिअर जड होतो, चढावर क्लच जास्त घासतो, ब्रेकला जास्त ताकद लागते आणि मीटर चुकीचा वेग दाखवतो. व्यास ५ टक्क्यांनी वाढला तर मीटरवर ४० दिसत असताना गाडी खरी ४२ ने धावत असते. शिवाय भरलेल्या गाडीत मोठा टायर मडगार्डला घासतो तो भाग वेगळाच.

हवेकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष असते. टायरमधील हवा कमी केली की तो जमिनीवर पसरतो, लांबट ठसा उमटवतो आणि रुतण्याऐवजी तरंगत जातो. रिकाम्या पिकअपमध्ये चिखलापुरती हवा २० पौंडांच्या आसपास आणली तर, जिथे विंच लागली असती, तिथे गाडी आपल्या पायाने बाहेर पडते. यासाठी हवा मोजण्याचे मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवा. दोन्ही मिळून एका टायरच्या किमतीपेक्षा कमी पैशांत येतात. इथे दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. भरलेल्या गाडीची हवा अशी उतरवू नये, कारण टायर रिमवरून सुटतो. आणि डांबर लागताच, पहिल्याच मोकळ्या जागी थांबून हवा पुन्हा पूर्ण भरावी. कमी हवेचा टायर वेगात आतून जळतो, आणि तो फुटेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही.

फोर-बाय-फोर कोणाला हवी

नवी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्यांनी हा भाग नीट वाचावा. साध्या पिकअपमध्ये मागच्या दोन चाकांमध्ये डिफरेन्शल असते. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून ते लागते. पण त्याची एक खोड आहे. ज्या चाकाला विरोध कमी, तिकडे ते फिरणे देऊन टाकते. म्हणून एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्या दगडावर असले तरी चिखलातील चाकच गरगरते आणि कोरडे चाक स्वस्थ उभे राहते. फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि लो गिअरमुळे गाडी पावलापावलाने चढते. तरीही पुढचे एक आणि मागचे एक चाक हवेत किंवा चिखलात गेले तर तीही उभी राहू शकते. कुलूप लागणारे डिफरेन्शल असेल तर हा दोष जातो.

ज्याची वर्षातून शंभराहून अधिक फेरी कच्च्या चढाची आहे, त्याने कंपनीचीच फोर-बाय-फोर घ्यावी. ज्याला पावसाळ्यात दहा-पंधरा वेळा अडचण येते त्याने तो जादा पैसा टायर आणि ओढण्याच्या साहित्यावर घालावा. साध्या गाडीला जुन्या बाजारातील पुढचा आस आणि ट्रान्सफर केस बसवून देणारे कारागीर भेटतात. त्यांची हिकमत मान्य आहे, पण असा बदल कायद्यात बसवणे आणि विम्यात टिकवणे जवळजवळ अशक्य आहे. तो धंद्याच्या गाडीत करू नये. आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना एक सांगणे. पुढची चाके हाताने जोडण्याची व्यवस्था असेल तर कोरड्या डांबरावर ती जोडून वळणे घेऊ नयेत. पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातील फरक कुठे निघून जाऊ शकत नाही, आणि तो सर्व ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो.

गाडी उंच करणे

कमानवाल्याकडे गेले की तो मागे एक पाटा वाढवून देतो. रिकाम्या गाडीची उंची त्याने वाढते, भरलेली गाडी कमी बसते. ते ठीक आहे. पण पाटा वाढला म्हणून गाडीची कायदेशीर भारक्षमता वाढत नाही, आणि आस, बेअरिंग, ब्रेक हे सगळे जुन्याच मापाचे राहतात. पाटे वाढवून दोन टन जास्त भरणाऱ्याचा हिशेब पुढे घाटात चुकतो. शिवाय कडक कमान खडकाळ वाटेवर उलटी नडते. चाक खड्ड्यात उतरत नाही, हवेत राहते, आणि वर सांगितलेला डिफरेन्शलचा दोष लगेच पुढे येतो. जिवंत कोंबड्या वाहणाऱ्यांना तर हे फारच महागात पडते. पाच-सहाशे पक्षी पिंजऱ्यात भरून आणताना सारखे हादरे बसले की मरतूक वाढते, आणि मेलेल्या पक्ष्याचे पैसे कोणी देत नाही. अशांनी पाटे वाढवण्याऐवजी झिजलेले बुश आणि गळके शॉकअब्सॉर्बर बदलावेत. स्वस्त काम आहे, आणि फरक त्याच रात्री कळतो.

आणखी उंचीसाठी आस आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालण्याची पद्धत आहे. तीन-चार इंच उंची मिळते, गाडी रुबाबदार दिसते. पण प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात, आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. पेंढ्याची भरलेली पिकअप खाचराच्या बांधावरून एका बाजूने कलताना पाहिली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पेंढ्याचे वजन कमी, पण ढीग उंच असतो. अशा गाडीला उंची वाढवून नव्हे, तर बांध ओलांडताना तो सरळ काटकोनात ओलांडून वाचवता येते.

पोटाखालचे लोखंड

खालून संरक्षण देणारा पत्रा हा मात्र उपयोगी खर्च आहे. इंजिनाचे तेलाचे भांडे, गिअरबॉक्स आणि डिझेलची टाकी या तीन ठिकाणी दगडाचा एक फटका पुरतो. तेल सांडले आणि ड्रायव्हरच्या लक्षात आले नाही तर इंजिन जाम होते, आणि मग महिन्याची कमाई नव्हे, वर्षाची कमाई जाते. तीन-चार मिलिमीटर जाडीचा पत्रा गावातील वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो. तो चासीच्या मूळ भोकांवर बोल्टने बसवावा. चासीला वेल्डिंगचा टाका किंवा नवे भोक पाडू देऊ नये, तिथूनच पुढे तडा जातो. पाणी व चिखल निघायला भोके, आणि तेल बदलायला झाकणाची जागा ठेवावी.

या पत्र्याचा एक धोका कोणी सांगत नाही. त्यावर गवत आणि पेंढा साचतो, आणि जवळच सायलेन्सरचा तापलेला पाइप असतो. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी धरून ठेवणारी गाळणी असते आणि ती काजळी जाळण्यासाठी पाइप अधूनमधून नेहमीपेक्षा फार तापतो. म्हणून दिवाळीनंतर, कापणीच्या दिवसांत, वाळलेल्या गवतावर गाडी चालू ठेवून उभी करू नये आणि पत्र्यावरील कचरा दररोज हाताने काढावा. याच नव्या गाड्यांच्या वायरिंगला कापून जादा दिवे किंवा हॉर्न जोडू नयेत. फ्यूज आणि रिले घालून बॅटरीवरून स्वतंत्र वायर आणावी, नाहीतर एका दिव्यापायी गाडीचा संगणक बिघडतो आणि गाडी ओढून शोरूमला न्यावी लागते.

पाणी

उल्हास राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत-नेरळवरून बदलापूरकडे जाते. २७ जुलै २०१९ रोजी तिच्याच पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडवली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जिथे रेल्वेचा भराव टिकत नाही तिथे पिकअपची काय कथा! तरीही दरवर्षी कोणी ना कोणी मोरीवरून वाहत्या पाण्यात गाडी घालतोच. एक फूट वाहते पाणी लहान मोटारीला सरकवू लागते आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकते. यात ड्रायव्हरच्या कौशल्याचा प्रश्न येत नाही.

आपल्या भागाची आणखी एक खास गोष्ट आहे. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी पेज नदीला मिळते आणि खोपोलीच्या वीजगृहाचे पाताळगंगेला. म्हणून या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात, आणि वीजनिर्मिती सुरू झाली की कडक उन्हात, आभाळात ढग नसताना, पाणी चढते. सकाळी ज्या उतारावरून गाडी सहज गेली, तो दुपारी परतताना तसाच असेल असे धरू नये. पात्रातून रेती-गोटे किंवा विटा आणणाऱ्यांनी, तसेच नदीकाठी पर्यटकांचे सामान पोहोचवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

साचलेल्या, थांबलेल्या पाण्यातून जायचे असेल तर आधी माणसाने काठी घेऊन चालत जावे. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर परत फिरावे. इंजिनात हवेऐवजी पाणी शिरले तर ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून सुरू करायचा प्रयत्न बहुतेक इंजिनांचा शेवटचा ठरतो. हवेचे तोंड वर नेणारी नळी, ज्याला स्नॉर्कल म्हणतात, ती दिसायला झकास असते. पण नाक वर राहिले तरी पोट बुडालेलेच असते. डायनामो, वायरिंगचे जोड आणि डिफरेन्शल पाण्यातच राहतात. त्याऐवजी डिफरेन्शलच्या श्वासनळीला साधा रबरी पाइप जोडून तो हौद्याच्या उंचीपर्यंत नेऊन ठेवावा. तापलेले डिफरेन्शल पाण्यात बुडाले की थंड होऊन आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. पाइप वर असेल तर ते हवा ओढते. पाण्यातून आल्यावर थोडा वेळ हलका ब्रेक दाबत गाडी चालवावी, म्हणजे ड्रम सुकतात. दुसऱ्या दिवशी डिफरेन्शलचा बोल्ट सैल करून तेल पाहावे. दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, तेल त्याच दिवशी बदलावे.

अडकलेली गाडी काढणे

या कामात आपल्याकडे सर्वाधिक अपघात होतात, म्हणून जरा कडक शब्दांत लिहीत आहोत. साखळी बांधून दुसऱ्या गाडीने झटका देणे बंद करावे. साखळी किंवा पोलादी तार ताणाखाली तुटली की ती परत फेकली जाते आणि माणूस जागेवर जातो. झटक्यासाठी ताणणारी नायलॉनची पट्टी किंवा दोर वेगळा मिळतो, त्यावर भारक्षमता छापलेली असते. तो चासीला बसवलेल्या मजबूत हुकालाच, भार लिहिलेल्या शॅकलने जोडावा. बंपर, कमानीचा बोल्ट, आणि गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी दिलेली नाजूक कडी ही ओढण्याची ठिकाणे नव्हेत. दोरावर मध्यभागी ओली गोणी किंवा घोंगडी टाकावी, म्हणजे तुटला तर जोर मरतो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे. वाडीतील मुले अशा वेळी हमखास दोराजवळच जमतात.

विजेची विंच घ्यायचीच असेल तर तिची ताकद भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट धरावी. भरून तीन टन होणाऱ्या गाडीला साडेचार टनांची. ही ताकद ड्रमवर दोराचा पहिलाच थर असताना मिळते. वर थर चढत जातील तशी ती घटते. पूर्ण ताणावर विंच तीनशे-चारशे अँपिअर वीज खाते, म्हणून इंजिन चालू ठेवूनच आणि थांबत-थांबत वापरावी. एक कप्पी जोडून दोर परत गाडीकडे आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. पण एकट्या मालवाहू पिकअपला इतका मोठा खर्च आम्ही सुचवणार नाही. हाताने चालवायची तार-ओढणी, एक रुंद पट्टा, दोन शॅकल, एक कप्पी, फावडे, जाड लाकडी फळी आणि तिच्यावर ठेवलेला जॅक एवढ्यावर आपल्या तालुक्यातील दहापैकी नऊ प्रसंग निभावतात. फळी महत्त्वाची आहे, कारण चिखलात जॅक गाडी उचलत नाही, स्वतः खाली जातो. झाडाला दोर बांधताना रुंद पट्टा वापरावा आणि आधी मालकाला विचारावे. कोणाच्या कलमी आंब्याची साल सोलून गाडी काढली तर पुढच्या हंगामात त्या वाटेने माल मिळत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जादा भारासाठी दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. पुढचे लोखंडी गार्ड, ज्यांना बुलबार म्हणतात, त्यांच्यावर कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. असे गार्ड पादचाऱ्याला जास्त इजा करतात आणि धडकेचा जोर सरळ चासीवर नेतात. टपावरचे प्रखर दिवे डांबरी रस्त्यावर झाकलेलेच असावेत.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. उंच केलेली किंवा आस बदललेली गाडी कलंडली की पाहणीला येणारा माणूस आधी बदलांचे फोटो काढतो. न कळवलेल्या बदलामुळे दावा नाकारला गेला तर गाडीही गेली आणि हप्ता मात्र चालूच राहिला, अशी अवस्था होते. म्हणून काहीही बसवण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारावे, उत्तर जपून ठेवावे, आणि नोंदीत बदल लागत असेल तर पेण किंवा पनवेल, जिथे गाडीची नोंदणी असेल त्या कार्यालयात आधी परवानगी घ्यावी. टायरची नक्षी, बोल्टने बसवलेला खालचा पत्रा, ओढण्याचे साहित्य आणि कॉम्प्रेसर यांनी गाडीचा मूळ घाट बदलत नाही. आमच्या यादीत तीच पुढे असण्याचे हेही एक कारण आहे.

वाट कोणाची आहे तेही पाहावे. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय गाडी घालणे गुन्हा आहे, आणि माथेरानभोवतीचा बराच मुलूख २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. खुद्द माथेरानात बाहेरच्या मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही.

आणि काही वाड्यांना गाडी पोहोचूच शकत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा बचाव पथकांना पावसात, अंधारात, चिखलाच्या पायवाटेने डोंगर चढावा लागला. यंत्रे वर नेता आली नाहीत, ढिगारा मुख्यतः हातांनी उपसला गेला. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्या वाटेवर जगातली कोणतीही सजवलेली पिकअप चढली नसती. मुसळधार पावसात अशा डोंगराच्या पायथ्याशी माल भरायला गाडी लावून ठेवणाऱ्यांनी हे आठवावे. कापलेल्या उताराखाली रात्री गाडीत झोपणे तर टाळावेच.

आता पैशांचा हिशेब. एक उदाहरण धरू. गाडी दिवसाला ६० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १८,००० किलोमीटर चालते. साध्या टायरवर लिटरला १४ किलोमीटर देते आणि चिखलाच्या मोठ्या टायरवर, उंच केल्यावर, साडेबारा. तर १,२८६ ऐवजी १,४४० लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला सुमारे १३,९०० रुपये नुसते धुरात जातात, टायरची जादा झीज वेगळी. तेवढ्या पैशांत मीटर, कॉम्प्रेसर, पट्टा आणि शॅकल येतात, आणि ते पुढची पाच वर्षे पुरतात.

जाता जाता कारागिरांसाठी. कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीच्या नाक्यांवर पंक्चर आणि वेल्डिंगची दुकाने पुष्कळ आहेत, पण खालचा पत्रा मापात बसवणारा, श्वासनळी वर काढणारा, आणि बीएस-सहा गाडीची वायरिंग न कापता दिवा जोडून देणारा माणूस शोधावा लागतो. मुंबई-पुण्याहून फार्महाऊसला येणाऱ्यांच्या गाड्याही पावसाळ्यात याच चिखलात रुततात, आणि सुरक्षितपणे ओढून काढणाऱ्याला ते खुशीने मेहनताना देतात. ज्या तरुणाकडे एक फोर-बाय-फोर जुनी जीप, योग्य दोर आणि थंड डोके आहे, त्याला जून ते सप्टेंबर हा चांगला हंगाम आहे. दर आधी सांगावा, आणि ओढण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी फोटो घ्यावेत.

पावसाळा संपला की, म्हणजे ऑक्टोबरात, सर्व चाकांची बेअरिंग उघडून ग्रीस बदलून घ्यावे, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि कमानीच्या पिना ग्रीस कराव्यात आणि मागचे ड्रम उघडून आतला सुकलेला चिखल काढावा. हे काम एका दिवसाचे आहे. दोरही धुऊन सावलीत वाळवून ठेवावा. उन्हात पडलेला नायलॉन पुढच्या जूनपर्यंत आतून कुजलेला असतो.